गाडी कोणाच्या हातची?

पुण्याहून हैदराबादकडे निघालेली लॅम्बोर्गिनीसारखी एखादी सुपरकार सोलापुरात पेट्रोल भरायला थांबली की पंपावर गर्दी होते. कुणी घरातली जुनी फियाट धुऊनपुसून सात रस्ता चौकात आणली की तिथेही होते. दोन्हीकडचे कौतुक खरे असते. घोळ होतो तो त्यानंतरच्या वादात. नव्याच्या बाजूचा माणूस अश्वशक्ती आणि ताशी किलोमीटर सांगतो. जुन्याच्या बाजूचा लिलावाचे आकडे काढतो: मर्सिडीजची ३०० एसएलआर उहलेनहाउट कूपे २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोंना गेली, तशा दोनच बनल्या, आता बोला! एकाने वेग तोलला, दुसऱ्याने पैसा तोलला. गाडी कुणी उघडून पाहिलीच नाही. गप्पांपुरते हे चालून गेले असते. पण कोणती जुनी गाडी जपायची, कोणती भंगारात काढायची, ती किती चालवू द्यायची, तिच्या टाकीत कोणते पेट्रोल पडणार, हे सगळे गेल्या काही वर्षांत नियमांनी ठरू लागले आहे. वाद चुकीच्या मापाने झाला की नियमही चुकीच्या मापाने होतात.

म्हणून माझे म्हणणे आधीच सांगतो. जुन्या गाडीची ओढ तिच्या वयामुळे नाही आणि किमतीमुळे तर मुळीच नाही. ती माणसाच्या हातची आहे, म्हणून ओढ आहे. बॉनेट उचलले की पेट्रोल कुठून येते, ठिणगी कुठे पडते, पाणी कुठून फिरते हे डोळ्यांना दिसते. बिघडले तर गावातला कारागीर ते उघडतो, घासतो, नसलेला भाग ओतून घेतो. सुपरकार पैसे मोजून आपली होते, पण तिच्या पोटातले काही बिघडले की ती पुन्हा कंपनीची होते. फाउंड्री, लेथ आणि मागावर उभ्या राहिलेल्या सोलापूरसारख्या गावाने या वादात बाजू घ्यायची तर ती या फरकावरून घ्यावी.

दुर्मिळ हा शब्द दोन्हीकडे सारखाच वापरला जातो, तिथूनच गोंधळ सुरू होतो. बुगाटीने १२.७ लिटर इंजिनाची रॉयाल काढली तेव्हा बेत पंचवीस गाड्यांचा होता. जागतिक मंदी आली, सहा गाड्या राहिल्या आणि त्यातल्याही तीनच गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. उरलेली इंजिने फ्रान्सच्या रेल्वेच्या डब्यांना बसवली. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात छत्तीस निघाल्या, कारण त्या शर्यतीसाठीच बनवल्या होत्या. ही टंचाई परिस्थितीने आणली. आजच्या मर्यादित आवृत्तीची टंचाई मात्र आकडा आधी जाहीर करून आणलेली असते, आणि गाडी बनण्याआधीच यादी भरलेली असते. तिसरा प्रकार आपल्या दारातला आहे. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे इथेच बनलेली फियाट, काही दुर्मिळ म्हणून जन्मली नव्हती. रस्तोरस्ती होती. आज चालू स्थितीतली पद्मिनी दिसली तर ती उरली आहे, कारण दरवर्षी कुणीतरी तिचे ब्रेक बांधले, रेडिएटर साफ केला, पत्र्याला झाळ मारली. ही टंचाई मेहनतीने टिकलेल्या गोष्टीची आहे. या तीन गोष्टींना एकच शब्द लावून त्यांची तुलना कशी करायची?

समोरच्या बाजूला भक्कम मुद्दे आहेत, आणि ते टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. सुपरकार हे यंत्रविद्येचे शिखर आहे, हे कबूलच केले पाहिजे. २००५ ची बुगाटी व्हेरॉन घ्या. आठ लिटर, सोळा सिलिंडर, चार टर्बो, उष्णता बाहेर काढायला दहा रेडिएटर, आणि सुमारे एकोणीसशे किलोचे धूड ताशी ४०७ किलोमीटरला स्थिर. हे नुसत्या पैशाने होत नाही, त्याला डोके लागते. शर्यतीच्या आणि महागड्या गाड्यांत जे आधी येते ते पुढे सगळ्यांना मिळते, हेही खरे. जॅग्वार सी-टाइपने १९५३ ची ल मॉंची शर्यत डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली, आणि आज मोटारसायकलला डिस्क ब्रेक नसेल तर गिऱ्हाईक नाक मुरडते.

पण हे श्रेय यंत्राला देताना ते चालते कुठे हेही पाहावे लागते. चौपदरी महामार्गावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर. सोलापूर–पुणे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, त्यातला एकही किलोमीटर व्हेरॉनच्या वेगाचा चौथा हिस्सा ओलांडू देत नाही. गावात तर अडचण वेगळीच. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे चढ सौम्य होतो. गल्लोगल्ली घातलेले उंचवटे याहून उंच आणि हातभर रुंदीचे असतात. जमिनीपासून जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटर वर असलेली, पुढे लांब नाक असलेली गाडी अशा उंचवट्यावर नाक उचलणारी यंत्रणा लावूनही पोटावर टेकते, आणि खाली घासतो तो कार्बन फायबर. पत्रा ठोकून सरळ होतो, झाळून जोडता येतो. कार्बन फायबरच्या आत थर सुटला तर वरून दिसतही नाही; तपासायला ध्वनिलहरींचे उपकरण लागते आणि बहुतेक वेळा अख्खा भागच बदलावा लागतो. ज्या गाडीची सर्वांत मोठी ताकद आपल्या रस्त्यावर वापरताच येत नाही, तिच्या आकर्षणात पाहण्याचा वाटा मोठा आणि चालवण्याचा लहान, हे मान्य करायला हरकत काय?

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आणि धुराचा. इथे जुन्या गाडीच्या बाजूने फार बोलता येत नाही आणि बोलूही नये. पद्मिनीला एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, जुन्या गाड्यांचे स्टिअरिंगचे दांडके धडकेत मोडत-घडी होत नाही, थेट छातीकडे येते. कार्ब्युरेटरच्या गाडीला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. रोज मुलांना शाळेत सोडायला अशी गाडी वापरा असे कुणी म्हणत असेल तर तो चुकतो. मात्र वर्षाकाठी हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या मूठभर गाड्यांनी शहराची हवा बिघडते, हा हिशेब पटणारा नाही. आणि नीट ठेवलेल्या जुन्या गाडीचा धूर स्वतःच कारण सांगतो. काळा आला तर कार्ब्युरेटरमधले पेट्रोल-हवेचे मिश्रण जाड आहे: फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याची) पातळी, चोक आणि जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) पाहा. निळा आला तर तेल जळते: रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड गेले. गरम झाल्यावरही पांढरा थांबत नसेल तर हेड गास्केटमधून पाणी शिरते आहे. अपघाताचे खरे कारणही पुष्कळदा गाडीचे वय नसते, तर दुर्लक्ष असते. उभ्या गाडीचे टायर वरून नवे दिसतात, नक्षी शाबूत असते, पण कडेवरचा चार आकडी शिक्का वाचला की कळते: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपुढचे रबर कडक झालेले असते, पावसात ते धरत नाही. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा ओढते, त्याने व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडतात आणि रबरी वाट्या कापल्या जातात. चारही चाकांना ब्रेकच्या तेलाची एकच वाट असलेल्या गाडीत एक वाटी फाटली की सगळा ब्रेक जातो. दर दोन वर्षांनी तेल बदलले तर हा धोका पुष्कळ कमी होतो. ते बदलायला संगणक लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: व्हिंटेज गाड्या म्हणजे राजेरजवाड्यांची मिरवणूक, तिचे कौतुक म्हणजे सरंजामशाहीचे कौतुक. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग एसजे घ्या. तीसच्या दशकात, रयत बैलगाडीत असताना, सुपरचार्जर लावलेली ३२० अश्वशक्तीची ती गाडी म्हणजे त्या काळातली सुपरकारच होती. तेव्हाचा श्रीमंत आणि आजचा श्रीमंत यांत नैतिक फरक काय? काहीच नाही, हे मी मान्य करतो. कुणाची गाडी होती यावर जुन्या गाडीचे मोठेपण टेकवणारे लोक स्वतःची बाजू स्वतःच कमकुवत करतात. पण एक गोष्ट नीट पाहा. ती ड्यूसेनबर्ग आज भारतात नाही, तरी ती चालते. तिला बनवणारी कंपनी १९३७ मध्येच बुडाली. कंपनी नाही, सुटे भाग नाहीत, कागदपत्रे अपुरी, आणि तरी नव्वद वर्षांनी इंजिन सुरू होते, कारण त्यातला प्रत्येक भाग मोजता येतो आणि मोजता येणारा भाग पुन्हा करता येतो. राजाची हौस संपली. कारागिराला कळेल असे यंत्र मागे राहिले.

आणि आपल्याला मिरवणुकीचा वारसा सांगायचा असेल, तर सोलापूरकडे त्याहून मोठा वारसा आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, याच सोलापुरातला. गाडी विकत आणण्याची ऐपत असलेल्या या माणसाने गाडी इथे बनवायचे मनावर घेतले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर आली. आधी क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी, मग पन्नासच्या दशकात फियाट. नुसती जुळणी करणाऱ्यांना देशात थारा नाही, भाग इथेच बनवले पाहिजेत, असे धोरण १९५३ च्या सुमारास ठरले तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेल्या, प्रीमियर राहिली. या धोरणाचे तोटे कोण विसरेल? नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि हातात येणार तीच गाडी, तेच १०८९ सीसीचे इंजिन, तोच स्टिअरिंगजवळचा गिअर. गिऱ्हाइकाची फार गैरसोय झाली. पण त्याच चाळीस वर्षांत पिस्टन, बेअरिंग, कार्ब्युरेटर, क्लच प्लेट हे सारे देशात बनू लागले आणि त्यांची माहिती जिल्ह्याजिल्ह्यातल्या गॅरेजात उतरली. पद्मिनीच्या इंजिनावरचा पेट्रोल पंप उघडायला कुणाची परवानगी लागली नाही, ती या इतिहासामुळे.

इथे सुपरकारच्या बाजूचा चतुर माणूस म्हणतो, थांबा, आजची सुपरकार हीच उद्याची व्हिंटेज. पन्नास वर्षांनी तिलाही लोक असेच जपतील. ऐकायला हे बिनतोड वाटते, पण याचे उत्तर मिळालेले आहे. मॅक्लारेन एफ-१ ही १९९२ ते १९९८ या काळातली गाडी, एकूण १०६ बनल्या. १९९८ मध्ये तिने ताशी ३८६ किलोमीटर गाठले. तिला एबीएस नाही, गिअर हाताने टाकायचे, म्हणजे आजच्या सुपरकारच्या मानाने ती अगदी साधी. तरीही तिची तपासणी करायची तर नव्वदच्या दशकातला कॉम्पॅक एलटीई ५२८० हा लॅपटॉप लागायचा, कारण गाडीशी बोलणारे खास कार्ड त्यातच चालत होते. खुद्द कंपनीला वीस वर्षांनी हे जुने लॅपटॉप शोधून जपून ठेवावे लागले. इंजिन ठणठणीत, आणि अडते कशावर? मोडीत गेलेल्या संगणकावर. त्या गाडीत जे थोडे इलेक्ट्रॉनिक होते तेच आधी म्हातारे झाले. आजच्या सुपरकारमध्ये डझनावारी नियंत्रक डबे, म्हणजे छोटे संगणक असतात, बरेचसे राळेत बुडवून बंद केलेले. नवा भाग बसवला तरी तो त्या गाडीच्या क्रमांकाशी कंपनीने जोडून दिल्याशिवाय काम करत नाही. संकरित (हायब्रिड) गाडीची बॅटरी वापरली नाही तरी जुनी होते. कंपनीने २०६० मध्ये ते सॉफ्टवेअर चालू ठेवले तर गाडी चालेल. नाही ठेवले तर?

सोलापूरला हा प्रश्न नवा नाही. मागावर तो आधीच येऊन गेला आहे. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या भोकाच्या पट्ट्यांची माळ फिरते. भोक असेल तिथली सुई आत जाते, आकडा उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. एका पट्टीने एक वाणा, म्हणजे एक आडवा धागा. नक्षीत मोर वाकडा आला तर कोणत्या पट्टीवर चूक आहे हे जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा मिस्त्री, डोळ्यांनी शोधतो, पट्टी बदलतो, माग पुन्हा सुरू. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर हवी तेवढी लांब नक्षी मिळते, ती तासाभरात बदलता येते, आणि त्यामुळे ज्यांचा धंदा टिकला त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण तिथले नियंत्रण कार्ड गेले तर माग उभा राहतो आणि जॉबर हात बांधून फोनची वाट पाहतो. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथल्या एकेका गिरणीने आपल्याला हेच दाखवले. यंत्र भंगारात गेले याचे दुःख होते, पण दुसरे घेता आले असते. जॉबर घरी बसला, त्याच्या हातातले गेले, ते कुठल्या लिलावात परत मिळाले?

हातातले म्हणजे नेमके काय, हे एका कामावरून सांगतो. तीसच्या दशकापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत आजच्यासारखी तयार बेअरिंगची कवचे नसत. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यात, कनेक्टिंग रॉडमध्येच, व्हाइट मेटल ओतलेले असे. कथील सुमारे ८९ टक्के, अँटिमनी साडेसात, तांबे साडेतीन. तेलाचा दाब गेला की हा धातू वितळून खाली तेलपात्रात जातो आणि इंजिन ठोकायला लागते. नवे ओतायचे तर आधी जुने वितळवून काढायचे, रॉडचा पृष्ठभाग आम्लाने साफ करून त्याला कथिलाचा पातळ मुलामा द्यायचा, रॉड तापवून ठेवायचा. मुलामा नीट चढला नाही तर ओतलेला धातू धरत नाही, हजार किलोमीटरांत सुटतो. ओतताना रॉडच्या भोकात मधोमध ठेवायच्या नळीला मेणबत्तीची काजळी धरायची म्हणजे धातू तिला चिकटत नाही. धातू तापला का हे पाहायला सुकी काडी बुडवायची: ती तपकिरी व्हावी, पेटू नये. पेटली तर कथील जळते आहे. ओतताना धार तोडायची नाही, नाहीतर थर पडतात. थंड झाल्यावर बोअर करायचे आणि शेवटी निळा रंग लावून जिथे टेकते तिथे स्क्रेपरने खरवडायचे. मोकळीक शाफ्टच्या दर इंच व्यासामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कमी ठेवली तर जाम, जास्त ठेवली तर तेलाचा दाब घसरतो आणि पुन्हा ठोकर. ही वाक्ये वाचून कुणाला हे काम येणार नाही. करणाऱ्याच्या शेजारी उभे राहूनच ते येते. आणि करायला गाडी हवी.

सोलापूरला हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी याच गावातली. कॅमच्या उंचवट्याशी साच्यात लोखंडी तुकडे ठेवले की तिथले बीड झटक्यात थंड होऊन काचेसारखे कठीण होते आणि बाकीचा शाफ्ट मऊ, कापण्याजोगा राहतो. असे बीडकाम या गावात होते. औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्या आहेत, पॅटर्न करणारे सुतार आहेत, ग्राइंडिंगवाले आहेत. एका जुन्या पाणीपंपाचे आवरण किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ओतून घेणे या गावाला जड नाही. मूळ भागावरून पॅटर्न करताना बीड थंड होताना दर फुटाला साधारण एक अष्टमांश इंच आकसते तेवढे माप वाढवायचे, एवढे भान ठेवले की पुरे. म्हणून मला वाटते, जुनी गाडी ही या गावाच्या कौशल्याला मिळालेली कामाची संधी आहे. सुपरकार इथे आली तरी तिच्यावर इथल्या माणसाला काम नसते. ट्रेलरवर चढवून ती मोठ्या शहरात जाते.

जुन्या गाडीतही हाताबाहेरच्या गोष्टी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. युद्धाआधीच्या गाड्यांचे दरवाजाचे हँडल, कार्ब्युरेटरचे अंग, डिस्ट्रिब्युटरचे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असत, आणि त्या काळच्या जस्तात शिसे राहून जाई. शिशामुळे तो धातू आतून कणाकणाने फुगतो, तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा मोडतो. तो जोडता येत नाही. गनमेटल किंवा ॲल्युमिनियममध्ये नवा ओतणे हाच मार्ग. आणि दुसरी अडचण तर आपल्याच जिल्ह्यातून निघालेली आहे.

सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. त्यांच्या मळीतून आणि रसातून इथेनॉल निघते, आणि आता देशभर पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ऊसवाल्याला दोन पैसे मिळतात, परदेशी तेल कमी लागते. या धोरणाला विरोध करणारा मी नाही. पण जुन्या गाडीवर याचा परिणाम होतो आणि त्याबद्दल पंपावर पाटीसुद्धा नसते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि भेगाळते. फ्लुरोइलास्टोमरच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा तशाच रबराचा पडदा बसवणे हे पहिले काम. फार जुन्या कार्ब्युरेटरचा फ्लोट बुचाचा असतो आणि त्यावर लाखेचे पॉलिश असते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते! फ्लोट पेट्रोल पितो, जड होतो, कार्ब्युरेटर ओसंडतो आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल टपकते. तिथे पितळी फ्लोट हवा. इथेनॉलच्या पोटात ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते, व्हॉल्व्ह जळू शकतो. मेन जेट ११५ चा, म्हणजे १.१५ मिलिमीटरचा असेल तर १२० चा टाकून प्लगचा रंग पाहायचा. फिकट विटकरी ठीक, पांढरा म्हणजे अजून पातळ. टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज आणि राळ इथेनॉल सोडवते, म्हणून पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलायचा. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवायची नाही. रिकाम्या जागेतला ओलावा इथेनॉल ओढते, पाणी खाली बसते आणि टाकी आतून खाते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की रेल्वे फाटकावर उभी राहिलेली गाडी बंद पडते ती पेट्रोलची नळीत वाफ झाल्याने. इंजिनावरच्या पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबायचे हा तात्पुरता उपाय. नळी एक्झॉस्टपासून लांब फिरवून पंपाखाली फायबरचे जाड पॅकिंग घालायचे हा कायमचा. इतके सगळे पाना आणि स्क्रूड्रायव्हरने होते, हाच मुद्दा आहे. देशाने इंधन बदलले आणि साठ वर्षांची गाडी पाच रुपयांच्या नाण्याहून लहान पितळी जेट बदलून त्याला जुळवून घेते.

आता नियमांकडे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चासी, सांगाडा आणि इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी, क्रमांकात व्हीए ही अक्षरे, शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. जुन्या गाडीला कायद्यात जागा मिळाली, हे पाऊल चांगलेच. पण याच नियमात म्हटले आहे की ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. हेतू समजतो. परिणाम मात्र उलटा होतो. यंत्र उभे राहून मरते: सील सुकतात, क्लच प्लेट ओलाव्याने फ्लायव्हीलला चिकटते, ब्रेकचे पिस्टन गंजून अडकतात. आणि पंधरा ते पन्नास वर्षांमधल्या गाड्यांचे काय? त्यांना फेरनोंदणी. तिचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीला १०,०००. नव्वदच्या दशकातली पद्मिनी २०४० नंतर वारसा ठरणार, पण तोवर ती नुसती जुनी गाडी. तेवढ्या वर्षांत ती भंगारात गेली तर २०४० नंतर नोंदणी कशाची करायची? मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा एखादी तरी संग्रहालयात ठेवा अशी मागणी झाली. त्या हजारो टॅक्सी चालू ठेवणाऱ्या मिस्त्रींकडचे ज्ञान कुठे ठेवायचे, हे फारसे कुणी विचारले नाही.

जर्मनीने १९९७ पासून तीस वर्षांवरील, मूळ रूपात नीट ठेवलेल्या गाड्यांना वेगळी एच पाटी दिली. तपासणी कडक, पण पास झाली की चालवायला मोकळीक. आपल्याकडे तीस वर्षे ही मर्यादा, वर्षाला ठरावीक किलोमीटर, ब्रेक-स्टिअरिंग-टायरची दरवर्षी खरी तपासणी, आणि कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळेत बंदी, एवढे केले तर हवा आणि जीव दोन्ही सांभाळून गाड्या चालत्या राहतील. दुसरी मागणी नव्या गाड्यांबद्दल. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही घेतले. कंपनीने माहिती स्वेच्छेने टाकायची, एवढ्यावर ते थांबू नये. उत्पादन बंद झाल्यावर ठरावीक वर्षांनी तपासणीचे सॉफ्टवेअर आणि भाग जोडण्याची किल्ली खुली करण्याची सक्ती हवी. ही मागणी मान्य झाली, तर सुपरकारसुद्धा उद्या हातची होईल, आणि तेव्हा माझा तिच्यावरचा मुख्य आक्षेप उरणार नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात कार्ब्युरेटर आणि पॉइंटचे (ठिणगीच्या जुन्या स्विचचे) प्रात्यक्षिक टिकवा, ही तिसरी.

तोवर सोलापुरातल्या वाड्यांत, गोठ्यांत, बंद शटरमागे ज्या फियाट उभ्या आहेत, त्यांच्या मालकांना एक सांगणे. भंगारवाल्याला बोलावण्याआधी आणि उत्साहाच्या भरात बॅटरी लावून स्टार्टर मारण्याआधी, दोन्हीच्या आधी थांबा. सुकलेल्या सिलिंडरवर गंजलेली रिंग जोराने घासली तर बोअर ओरखडतो आणि जी गाडी शंभर मिलिलिटर तेलात वाचली असती ती रिबोअरवर जाते. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. टाकीतले आंबलेले पेट्रोल काढून टाका, तेलपात्राचा नट ढिला करून खाली पाणी साचले आहे का पाहा, असेल तर सगळे तेल बदला. रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी घालू नका. इथल्या जड पाण्याची पुटे नळ्यांत बसूनच ती बहुधा तापत होती. मग टॉप गिअर टाका, क्लच सोडलेला ठेवा (पेडलवर पाय नको), आणि दोघांनी मागून हलके ढकला, पुढे इंचभर, मागे इंचभर. तिसऱ्याने बॉनेटपाशी उभे राहून पंख्याच्या पात्याकडे पाहायचे. पाते हलले तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, मोकळा आहे.